हवेवर सरकणारा आर्म: ईटी-2 ची जुळणी आणि फेरफार

16 मार्च 2025

टर्नटेबलचा टोनआर्म, म्हणजे रेकॉर्डवर सुई धरणारा हात, पोहोचला. एमिनंट टेक्नॉलॉजीचा ईटी-2, अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या ब्रूस थिगपेन यांचं ऐंशीच्या दशकातलं डिझाइन. वापरलेला आहे. भाचा न्यू जर्सीहून सुटीवर आला तेव्हा हातातल्या बॅगेतून घेऊन आला. मूळ पंप सोबत नाही. असता तरी तो 110 व्होल्टचा, पुण्यात शोभेलाच.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीचा टोनआर्म एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळे सुई कमानीत जाते. रेकॉर्डची मूळ लॅकर (जिच्यावरून पुढे रेकॉर्डी छापतात ती चकती) कापणारी लेथ मात्र सरळ रेषेत कापते. चांगला बसवलेला 9 इंची आर्म दोन ठिकाणी अचूक असतो, बाकी ठिकाणी थोडा तिरका. जास्तीत जास्त 2 अंशांच्या आसपास. ईटी-2 मध्ये खुंटीच नाही. एक पोकळ नळी (इथून पुढे तिला दांडा म्हणतो) एका स्थिर बाहीतून आडवी सरकते. बाहीच्या बारीक भोकांतून हवा येते आणि दांडा त्या हवेच्या पातळ थरावर तरंगतो. सुई असलेली कांडी दांड्याला काटकोनात, आणि मागे वजन. मोटर नाही, सेन्सर नाही. बँग अँड ओलुफसेनने 1972 च्या बिओग्राम 4000 मध्ये सरळ चालणारा आर्म मोटरने हलवला होता. इथे रेकॉर्डची खाचच सगळं जोडकाम आत ओढत नेते. 20 मिनिटांच्या बाजूत 667 फेरे आणि साधारण 86 मिमी प्रवास, म्हणजे फेऱ्यामागे 0.13 मिमी.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ख्यालाच्या एलपींसाठी. विलंबित बाहेरच्या खाचांत असतं, जिथे खाच सुईखालून सेकंदाला 51 सेंटिमीटर वेगाने जाते. द्रुत बंदिश आणि सगळ्या ताना लेबलजवळ येतात, तिथे वेग 21 सेंटिमीटरवर उतरलेला असतो. म्हणजे गायकाचा कस लागतो नेमका तिथेच सुईचाही लागतो. तार सप्तकातल्या आकाराला जी चरचर येते, ती मला घालवायची आहे.

22 मार्च

टर्नटेबल माझं जुनंच, लेंको एल-75. पत्र्याच्या मूळ चौकटीतून काढून कडाप्पाच्या दोन थरांच्या प्लिंथमध्ये (बैठकीत) बसवलेलं. या आर्मला ते सोयीचं आहे. स्प्रिंगांवर लटकणाऱ्या टर्नटेबलवर आर्मचं वजन बाहेरून आत सरकलं की अख्खी सब-चॅसी (थाळी आणि आर्म पेलणारी आतली चौकट) कलते आणि पातळी बाजू संपेपर्यंत बदलत राहते. कडाप्पा कुठे कलणार!

आर्मच्या खांबासाठी भोक पाडायला किचन ओटे करणाऱ्याकडे गेलो. त्याने विचारलं, "साहेब, नळ कुठला बसवताय?" भोक मात्र सुरेख पाडलं, कडेला एक टवका नाही.

30 मार्च

पाडवा. कामाला हात लावला नाही.

2 एप्रिल

दांडा आणि बाही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. कापूस वापरायचा नाही, तंतू राहतात. चष्म्याचं मायक्रोफायबर फडकं बरं. या दोघांमधली फट मायक्रॉनमध्ये मोजायची, त्यामुळे बोटाचा तेलकट ठसासुद्धा जाणवतो.

तात्पुरती हवा फिशटँकच्या दोन तोंडांच्या पंपातून, दोन्ही तोंडं टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकत्र. गेजवर दाब जेमतेम 2.5 पीएसआय (चौरस इंचाला पौंड). हवा चालू करायच्या आधी दांडा बोटाने ढकलला तर अडतो, खरखरतो. पंपाचं बटण दाबलं आणि तोच दांडा फुंकरीने पलीकडच्या टोकाला गेला. हे बघायला घरातले सगळे येऊन गेले, आणि प्रत्येकाने फुंकर मारून पाहिली.

5 एप्रिल

पातळी. नेहमीच्या आर्मला पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की झालं. इथे ते पुरत नाही. सरकणारं एकूण वजन कार्ट्रिजसकट (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) 45 ग्रॅम. प्लिंथच्या पायांमधलं अंतर 400 मिमी. एका पायाखाली झेरॉक्सचा एक कागद, म्हणजे 0.1 मिमी, सरकवला तर आर्मवर आडवा जोर येतो 45 × 0.1 / 400, म्हणजे साधारण 11 मिलिग्रॅम. आणि तेवढ्याने तो खरोखर सरकायला लागतो, डोळ्यांना दिसेल असा. माझ्याकडच्या कुठल्याही पाणसळीपेक्षा हा आर्मच जास्त अचूक आहे.

म्हणून पातळी आर्मवरच लावली. कार्ट्रिजच्या जागी तेवढ्याच वजनाचा पितळी तुकडा, मागचं वजन असं की कांडी हवेत आडवी राहील, तारा सोडवलेल्या, पंखा बंद. मग पायांचे स्क्रू पाव-पाव फिरवत, आर्म जिथे सोडला तिथेच थांबेपर्यंत.

यातून एक तराजू आयता हाताला लागला: एक कागद = 11 मिलिग्रॅम. पुढे कामी येणार आहे.

6 एप्रिल

सुईचा मार्ग. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची चकती लेझरवर कापून घेतली, मध्ये स्पिंडलचं (थाळीच्या मधल्या खिळ्याचं) भोक आणि त्यातून निघणारी एकच बारीक रेषा. त्यावर 146 आणि 60 मिमीच्या खुणा. बाहेर 146 ला सुई रेषेवर आणायची, चकती टेपने धरून ठेवायची, आणि आर्म आत सरकवायचा. 60 पर्यंत सुईने रेषा सोडली नाही तर मार्ग स्पिंडलच्या मध्यातून जातोय. मार्ग 1 मिमी बाजूला असेल तर आतल्या खुणेशी सुई रेषेपासून साधारण 0.6 मिमी दूर गेलेली दिसते, भिंगाशिवायही कळतं. त्या 1 मिमीचा कोनातला हिशेब: बाहेर 0.4 अंश, आत जवळजवळ 1 अंश. म्हणजे सरळ आर्म घेऊनही जुळणी ढिली ठेवली तर सगळ्यात जास्त चूक नेमकी लेबलजवळ, द्रुतातच. मग खुंटीवाला काय वाईट होता?

खांब हलवून, कार्ट्रिज पुढेमागे करून रेषा बसवली. कार्ट्रिज डेनॉन डीएल-103, वजन 8.5 ग्रॅम, सुईवर 2.5 ग्रॅम भार. जुनं आहे, जुळणीच्या धबडग्यात त्याला काही झालं तरी जीव वर-खाली होणार नाही.

सुईच्या उंचीची सोय या आर्मवर झकास आहे. बाजूची दांडी फिरवली की आर्म सरळ वर न जाता सुईला केंद्र धरून कमानीत उचलला जातो. त्यामुळे रेकॉर्ड चालू असताना उंची बदलली तरी भार आणि मार्ग जागेवर राहतात. इतक्या सुबकपणे हे केलेले आर्म फार थोडे असतील.

9 एप्रिल

पंपाची धडधड. रेकॉर्ड थांबलेली, सुई तिच्यावर टेकवलेली, फोनोचं (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या अँपचं) आउटपुट लॅपटॉपमध्ये, स्पेक्ट्रम पडद्यावर. 100 हर्ट्झला सुळका. आपली वीज 50 हर्ट्झची. या पंपात चुंबक लावलेली पट्टी दोन रबरी पडद्यांना आळीपाळीने दाबते, त्यामुळे दोन्ही तोंडं जोडली की सेकंदाला 100 धक्के.

पण 100 हर्ट्झ म्हटल्यावर पॉवर सप्लायचा गुणगुणाटही तोच असू शकतो. हे वेगळं करायला नळीत आणखी एक टी घातला आणि पंप चालू ठेवून हवा बाहेर सोडली. दांडा बाहीत बसला, सुळका गायब. म्हणजे हवेचाच.

12 एप्रिल

4 इंची पीव्हीसी पाइपचे 600 मिमीचे दोन तुकडे, दोन्हीकडे एंड कॅप, सॉल्व्हंट सिमेंट. प्रत्येकी सुमारे 5 लिटर. मध्ये फिशटँकचाच हवेचा छोटा व्हॉल्व्ह, अर्धा बंद. टाकी, अडथळा, पुन्हा टाकी. पॉवर सप्लायमध्ये कपॅसिटर-रेझिस्टर-कपॅसिटर लावतो तीच युक्ती. सुळका 18 डेसिबलने खाली. एकच टाकी, व्हॉल्व्ह नाही, तर फक्त 5 ने. म्हणजे खरं काम अडथळा आणि टाकी मिळून करतात. नुसता मोठा डबा ठेवून उपयोग नाही.

सावधगिरी: पीव्हीसी 3-4 पीएसआयपर्यंतच. दाबाची हवा भरलेलं पीव्हीसी तडकलं तर फुटून तुकडे उडतात. पुढे दाब वाढवायचा झाला तर लोखंडी टाकी.

20 एप्रिल

तारा. या आर्मबद्दल बोलणारे बहुतेक जण दाबाबद्दल बोलतात. माझ्या मते दाबाचा नंबर शेवटी लागतो. बेअरिंगमधलं घर्षण जवळपास शून्यावर आलं की मागे राहिलेला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे कार्ट्रिजपासून बाहेर येणाऱ्या चार तारा.

आल्या होत्या त्या तारा आधीच्या मालकाने बदललेल्या, जाड प्लॅस्टिक आवरणाच्या. पातळी लागलेल्या आर्मवर त्या जोडल्या, आर्म बाहेरच्या खाचेपाशी नेऊन सोडला, तर तो सरळ मधोमध येऊन थांबला. स्प्रिंगच ती. बाहेरच्या टोकाला त्याला थोपवून धरायला पायाखाली 7 कागद लागले, म्हणजे 77 मिलिग्रॅम. आतल्या टोकाला उलट दिशेने 5.

नव्या तारा लिट्झ, एकेका तारेत केसाहून बारीक पाच धागे, प्रत्येकाला स्वतःचा इनॅमल. टाके देणं कठीण नाही पण निवांतपणा हवा: टोकाला सोल्डरचा गोल थेंब गरम ठेवायचा आणि तार त्यात दोन-तीन सेकंद बुडवायची, इनॅमल जळून जातं. चारही तारा एकमेकींत न पिळता वेगवेगळ्या, पंख्यासारख्या पसरून वर सोडल्या आणि मागच्या एका काडीवर अडकवल्या. काडीची जागा महत्त्वाची. ती आर्मच्या प्रवासाच्या बरोब्बर मध्यावर हवी, नाहीतर एका टोकाला ओढ राहते. आता बाहेर 1 कागद, आत 1 आणि कधी 2.

प्रामाणिक हिशेब मांडायचा तर 77 मिलिग्रॅमने सुईची काडी आठेक मायक्रॉन बाजूला जाते, कोनात 0.1 अंशाहून कमी. मार्गातल्या 1 मिमीच्या चुकीपुढे ही चिल्लर. पण ही ओढ दर खाचेला बदलते, आणि बाहेर एका बाजूला तर आत दुसऱ्या बाजूला असते. खुंटीच्या आर्मला निदान एका दिशेचा अँटी-स्केट (आतल्या ओढीला तोलणारा उलटा जोर) लावता येतो, इथे तोही नाही. ऐकताना फरक कळला तो डाव्या-उजव्या बाजूच्या तोलात: तानपुरा बाजूभर एका जागी राहिला.

4 मे

वजन. सरळ आर्मचं खरं वैशिष्ट्य इथे आहे आणि दुखणंही. आडव्या दिशेने अख्खं जोडकाम हलतं, 45 ग्रॅम. उभ्या दिशेने फक्त कांडी डोलते, तिचं सुईपाशी जाणवणारं वजन कार्ट्रिजसकट 16 च्या घरात. रेझोनन्सचं (आर्म आणि सुई ज्या वारंवारतेला आपोआप थरथरतात तिचं) सूत्र सोपं: 159 भागिले, वजन गुणिले कंप्लायन्स (सुईच्या काडीचा लवचीकपणा) या गुणाकाराचं वर्गमूळ. डीएल-103 चा कंप्लायन्स त्या वारंवारतेला 10 धरला तर आडवा 7.5 हर्ट्झ, उभा 12.6. टेस्ट रेकॉर्डवर आडवा 7 आणि 8 च्या मध्ये थरथरला, उभा 12 ला. कागदाशी जुळतंय.

दोन रेझोनन्स दोन जागी असणं चांगलंच, एकावर एक चढत नाहीत. पण आडवा आणखी खाली गेला तर वाकड्या भोकाच्या रेकॉर्डी त्रास देतात, आणि आपल्याकडे त्यांचा तोटा नाही. कोलकात्याजवळच्या दमदमच्या एचएमव्ही कारखान्यातल्या जुन्या प्रेसिंगमध्ये भोक अर्धा मिमी सरकलेलं सहज सापडतं. मग आर्म दर फेऱ्याला, सेकंदाला 0.56 वेळा, डावी-उजवीकडे डुलतो. 45 ग्रॅम डुलवायला 28 मिलिग्रॅम जोर लागतो. हे सोसवेल. 80 ग्रॅमचे आर्मही लोक वापरतात, तिथे 50 होईल.

मागचं वजन शिशाच्या तुकड्यांचं, एका आय-बीमवर (इंग्रजी आय आकाराच्या दांडीवर). तोल वजन गुणिले अंतरावर ठरतो, म्हणून 6 सेंटिमीटरवरचे 30 ग्रॅम काढून 10 सेंटिमीटरवर 18 ठेवले. तोल तोच, आडवं वजन 12 ग्रॅमने कमी. उभ्या दिशेचं जडत्व वाढतं, कारण तिथे अंतराचा वर्ग लागतो, पण उभ्या बाजूला आपल्याकडे जागा होती. नवा आडवा रेझोनन्स मोजला, साडेआठच्या थोडा वर. फुकटातला सगळ्यात मोठा फायदा हाच.

11 मे

आय-बीम दांड्याला थेट जोडलेला नाही. मध्ये पोलादाची पातळ उभी पट्टी आहे, जी आडव्या दिशेने लवते आणि उभ्या दिशेने ताठ राहते. मागचं वजन आडव्या हालचालीपासून थोडं सुटं राहतं आणि रेझोनन्सचं एक टोकदार शिखर मोडून दोन बुटकी होतात. माझ्याकडची पट्टी वाकलेली होती. नवीन कुठून आणणार? फिलर गेज! मेकॅनिककडे व्हॉल्व्हची फट मोजायला असतो तो पट्ट्यांचा जुडगा. त्यात 0.10, 0.15, 0.20 सगळ्या जाडीचं स्प्रिंग स्टील आयतं मिळतं. कात्रीने कापून, कडा ऑइलस्टोनवर घासून बसवल्या.

0.10 वर आय-बीम शेपटीसारखा हलतो आणि वूफरचा पडदा नुसताच आतबाहेर करतो. 0.20 म्हणजे जवळपास घट्ट. 0.15 ठेवली. डग्ग्याचा घुमारा तिच्यावर सुटसुटीत येतो, मींड घेताना लोळ उठत नाही.

12 जून

पाऊस, आणि नळीच्या खालच्या वळणात पाण्याचा थेंब.

यात नवल नाही. पुण्यातला हवेचा दाब 13.8 पीएसआयच्या आसपास. त्यावर 3 पीएसआय चढवले म्हणजे हवा 1.2 पट दाबली, आणि तिच्यातली वाफही. बाहेर 85 टक्के आर्द्रता असेल तर दाबल्यावर 103, म्हणजे खोलीच्या तापमानाला पाणी सुटणारच. एप्रिलच्या दुपारी 30 टक्क्यांना हा प्रश्न उद्भवतच नाही. 12 पीएसआयला गेलो तर 160 टक्के, मग थेंब नाही, चूळ.

दाबाच्या बाजूला सापळा लावण्याऐवजी पंपाच्या तोंडाशीच हवा कोरडी केली. ट्रान्सफॉर्मरला लावतात तो सिलिका जेलचा ब्रीदर (ओल शोषणाऱ्या दाण्यांची डबी, हवा तिच्यातून आत जाते), छोट्या मापाचा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर शेकायचे (तवा स्वयंपाकाचा नको, त्या रंगात कोबाल्ट असतं).

21 जून

दाब वाढवून पाहिला, ते ऐकल्याशिवाय बोलू नये म्हणून. दाताच्या दवाखान्यात असतो तसा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर ओळखीतून चार दिवसांसाठी आणला आणि बाल्कनीत ठेवला. ब्रीदर त्याच्या तोंडाला. पीव्हीसीच्या जागी नाना पेठेतून ट्रकच्या एअर हॉर्नची लोखंडी टाकी. रेग्युलेटर भोसरीतून. तिथला दुकानदार पूर्ण एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल सोडणारा ल्युब्रिकेटर) घ्या म्हणून मागे लागला: "साहेब, ल्युब्रिकेटर नाही लावला तर सिलिंडर जाम होणार." सिलिंडर नाही आणि त्या भोकांत तेलाचा कणही चालणार नाही, हे त्याला पटेना. फिल्टर आणि रेग्युलेटर तेवढे घेतले.

3 वरून 7 पीएसआय: फरक आहे. बाहीवर नखाने टिचकी मारली तर स्पेक्ट्रममधला ठसा बुटका होतो, आणि तबल्याच्या चाटीची कड जास्त स्वच्छ येते. 7 वरून 12: मला काही ऐकू आलं नाही, मोजमापातही नाही. कुझ्माचा एअरलाइन हा हवेवरचाच आर्म कितीतरी जास्त दाबावर चालतो, पण त्याचं बेअरिंग त्यासाठीच घडवलेलं आहे. या बाहीला 7 पुरे. नवा छोटा डायफ्राम पंप त्याच हिशेबाने मागवला.

5 जुलै

लाइट गेली तर? मोटर आणि पंप दोन्ही एकदम बंद. टाकीत अर्ध्या-पाऊण मिनिटाची हवा, लेंकोची 4 किलोची थाळी मात्र आपल्या जोरावर फिरत राहते. दांडा बाहीत बसला आणि खाच सुईला ओढत राहिली, तर कार्ट्रिजचं काय होईल ते बघायची हौस नाही.

पंप इन्व्हर्टरवर, मोटर साध्या लाइनवर. आता लाइट गेली की थाळी थांबते आणि हवा चालू राहते. दुसरा बंदोबस्त, नळी सुटली किंवा पडदा फाटला तर: पाण्याच्या आरओमधला लो-प्रेशर स्विच टाकीच्या पुढे. माझ्या हातातला 5 पीएसआयखाली सुटतो, म्हणजे 7 वर तो नेमका बसतो. हे स्विच 24 व्होल्ट डीसीचे, मोटरच्या 230 व्होल्ट लाइनवर थेट जोडायचे नाहीत, मध्ये रिले (छोट्या विजेने चालणारा स्विच). नळी मुद्दाम उपसून पाहिली. रिले टकदिशी सुटला, मोटर बंद.

27 ऑगस्ट

गणपती बसले. चौकात स्पीकरच्या भिंती. विसर्जनापर्यंत मोजमाप बंद.

14 सप्टेंबर

डीएल-103 उतरवून मायक्रोलिनिअर (अगदी बारीक कडेच्या) सुईचं ऑडिओ-टेक्निका एटी33पीटीजी/2 चढवलं. वजन 6.9 ग्रॅम, भार 2 ग्रॅम. ही सुई कोनाच्या बाबतीत नाठाळ, गोल टोकाच्या डेनॉनसारखी पोटात घालत नाही. अ‍ॅक्रिलिकची चकती पुन्हा ठेवली, पातळीला एक कागद काढला, तारांची काडी 4 मिमी पुढे घेतली. कार्ट्रिज हलकं असल्यामुळे मागचे 18 ग्रॅम 9.1 सेंटिमीटरवर आले.

दुपारी 22 मिनिटांची एक ख्यालाची बाजू अखेरपर्यंत ऐकली. शेवटच्या सपाट तानेतले स्वर सुटे मोजता येतात. तार षड्जावर चरचर अजून आहे, पण ती आता फक्त एका ठराविक फेऱ्यापासून सुरू होते, आणि भिंगाखाली त्या जागी खाचेच्या भिंती घासलेल्या दिसतात. जड सुईवर कोणीतरी ही बाजू वाजवून वाजवून झिजवली आहे. त्याला आर्म काय करणार. हीच एलपी दुसऱ्या प्रतीत शोधतोय.

पंपाचे रबरी पडदे दोन जोड मागवून ठेवले. सिलिकोन तेलाच्या डॅम्पिंगची पन्हाळ या आर्मला लावता येते, पण 0.15 च्या पट्टीवर मला तिची गरज वाटत नाही. वाढवलेला दाब, पट्टी आणि वजनं आता आहेत तशीच राहतील. ब्रीदरचे दाणे दर आठवड्याला बघायचे, ऑक्टोबर हीट सुरू होईपर्यंत.